तुझं नाव टाकतो ना खाली

लंडनजवळच्या वॉटफर्डात दोन गोष्टी फुकट मिळतात, असा तिथल्या मराठी मंडळींचा पक्का समज होता. एक पाऊस आणि दुसरं इरावतीचं डिझाइन. पावसाबद्दल लोक निदान कुरकुर तरी करायचे. इरावतीबद्दल तेवढेही कष्ट कुणी घेत नसे.

कुणाच्या मुलीचं अरंगेत्रम, कुणाची सत्यनारायणाची पूजा, कुणाचा घरगुती डब्यांचा नवा धंदा. फोन यायचा आणि सुरुवात ठरलेली असायची, की अगं, पाच मिनिटांचं काम आहे. पाच मिनिटांचं आहे तर तूच का उरकत नाहीस, बये, हे इरावतीच्या जिभेच्या टोकावर यायचं आणि तोंडातून बाहेर पडायचं, "पाठव ना, बघते." मग त्या पाच मिनिटांचे तीन दिवस व्हायचे. निळा जरा अजून निळा हवा. नवऱ्याला आवडलं, पण सासूबाईंना फॉन्ट बारीक वाटतो. चुलतभावाने पुण्याहून सुचवलंय की कोपऱ्यात मोर टाक. जो माणूस स्वतःच्या बैठकीच्या खोलीला चार वर्षं पडदे निवडू शकला नव्हता, त्याला इरावतीच्या रंगसंगतीबद्दल मात्र ठाम मतं असायची. आणि सगळं संपल्यावर, जणू हातावर मोहोर ठेवतोय अशा थाटात, तेच एक वाक्य: "तुझं नाव टाकतो ना खाली."

हे वाक्य तिथल्या मराठी मंडळात रूढ केलं मुरलीधरदादांनी. वय छप्पन्न, पण "काका" म्हटलेलं खपत नसे. मॉर्गेज अॅडव्हायझर, म्हणजे घरकर्जाचा सल्लागार, म्हणून धंदा, मंडळाचे अध्यक्ष म्हणून सहावं वर्ष. घटनेप्रमाणे दोनच वर्षं राहता येतं, पण दर निवडणुकीला ते "कोणी तरुणांनी पुढे यावं" असं म्हणत आणि पुढे आलेल्या तरुणाला चहाच्या कमिटीवर नेमत. फोटो निघत असला की त्यांना दुरूनही त्याचा वास लागायचा. दिवा कुणीही लावो, काडी विझायच्या आत दादा समईच्या शेजारी.

आणि नेमक्या याच माणसाच्या उपकारात इरावती अडकली होती. नऊ वर्षांपूर्वी ती आणि तिचा नवरा अनिश या देशात आले, तेव्हा भाड्याचं घर मिळेपर्यंत ते अकरा दिवस दादांच्या घरी राहिले होते. अकरा दिवस फ्रीजरमधले पराठे आणि रोज रात्री दादांची यशोगाथा, असा तो पाहुणचार. पण दादांनी त्या अकरा दिवसांचं जे बियाणं पेरलं, त्याचं पीक ते नऊ वर्षं काढत होते. कुठेही भेटले की चारचौघांत खांद्यावर हात: "ही आमच्याकडेच उतरली होती बरं का, पहिल्यांदा." हे ऐकलं की इरावतीची मान आपोआप खाली जायची आणि त्या खाली गेलेल्या मानेला दादा होकार समजायचे.

तशी इरावती कुणी नवशिकी नव्हती. नाशिकला कमर्शिअल आर्ट शिकलेली, पुण्यात एका जाहिरात कंपनीत पाच वर्षं काढलेली. इथे आल्यावर लंडनच्या हाउन्सलो भागात एका छपाईच्या दुकानात टेकअवेची मेन्यू कार्डं आणि दुकानांच्या पाट्या करत होती. चिकन टिक्क्याचा एकच फोटो तिने इतक्या मेन्यूंवर लावला होता, की स्वतः शाकाहारी असून तिला तो तुकडा ओळखीचा वाटायला लागला होता. अनिशने वॉटफर्डला घर घेतलं, पाठोपाठ ते दुकान बंद पडलं, आणि तिने ठरवलं की आता आपलंच काम सुरू करायचं. सरकारदरबारी सोल ट्रेडर, म्हणजे एकटीने धंदा करणारी, म्हणून नोंद केली. जिन्याच्या वरची बॉक्स रूम, म्हणजे एक पलंग टाकला की दार उघडत नाही असली खोली, तिने रिकामी केली. खिडकीशी टेबल, टेबलावर स्क्रीन, आणि कोपऱ्यातल्या फळीवर हाताच्या पंजाएवढा पितळी गणपती. सकाळी आंघोळ, देवाला दिवा, मग खोलीचं दार उघडायचं. ऑफिसला उशिरा पोचणाऱ्या माणसासारखी ती जिन्यावरून घाईने वर जायची, आणि अनिशला त्याचं हसू यायचं.

गिऱ्हाइकं आली, नाही असं नाही. कुत्र्यांना आंघोळ घालणारी एक बाई, नखं रंगवायचं एक दुकान, दोन बालवाड्या. इंग्लिश माणसाची एक वेगळीच तऱ्हा. काम पसंत पडलं तरी "लव्हली" आणि नाही पडलं तरी "लव्हली". फरक एवढाच, की दुसऱ्या लव्हलीनंतर तो पुन्हा दिसत नाही. तरी बरे म्हणायचे. त्यांनी कधी सासूबाईंचं मत विचारलं नव्हतं. पण एकदा काम झालं की झालं. वर्षभर टिकेल असं गिऱ्हाईक एकही नाही. दोन वर्षं अशी गेल्यावर अनिशने, आवाज न चढवता, स्वयंपाकघरातल्या टेबलाकडे बोट दाखवलं. तो आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायचा, ते भाजीच्या पिशव्या आणि मुलीच्या वह्यांच्या मध्ये बसून. त्याचं म्हणणं चूक नव्हतं, म्हणून तर ते जास्त बोचलं. तेव्हा इरावतीनेच मुदत घालून घेतली. दसऱ्यापर्यंत एक तरी पक्कं गिऱ्हाईक मिळालं तर ठीक. नाहीतर खोली अनिशची, आणि ती शाळेत मदतनिसाची नोकरी धरणार. फॉर्म आणूनही ठेवला होता. दिवेलागणीला देवापुढे हात जोडताना तो फॉर्म तिला डोळे मिटूनही दिसायचा.

जुलैत आशेला जागा झाली. एडिनबराला वरदा नावाची एक बाई होती. बँकेतली नोकरी सोडून तिने थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला असं विकायला सुरुवात केली होती आणि तिला सगळ्या पाकिटांचं रूप नव्याने करून हवं होतं. नऊ पाकिटं, मग दिवाळीचे खोके, मग पुढच्या वर्षीची लोणची. इरावतीचं नाव तिला कुणाकडून तरी कळलं होतं. फोनवर वरदा मोजकं बोलली. तिला तुळशीवृंदावन छापून मराठीपण विकायचं नव्हतं; पण ज्याला मराठी घर आतून माहीत नाही असा डिझायनरही नको होता. मंडळाच्या गणेशोत्सवात ती स्टॉल लावायला वॉटफर्डला येणार होती, तेव्हा भेटून नक्की करू, असं ठरलं. इरावतीने त्या संध्याकाळी एकवीस दूर्वांची जुडी वाहिली. इथे दूर्वा मिळत नाहीत. लॉनच्या कडेला उगवणारं त्यातल्या त्यात तसं दिसणारं गवत ती खुडत असे, आणि देव समजून घेतो अशी तिची श्रद्धा होती.

त्याच आठवड्यात मुरलीधरदादांचा फोन आला. उत्सवाचं पत्रक करायचं होतं. पाच मिनिटांचं काम. हजार प्रती आणि दाराशी उभा करायला सहा फुटी बॅनर. "आणि या वेळी तुझं नाव मोठं टाकतो खाली. लोक विचारतात ना, कोणी केलं."

इरावतीने या वेळीसुद्धा हो म्हटलं. पण त्यात अकरा दिवसांची भीड होती तेवढाच स्वार्थही होता, हे ती स्वतःपासून लपवत नव्हती. वरदा येणार, दारात बॅनर बघणार, खाली नाव वाचणार. म्हणून तिने बाजारातलं तयार चित्र न घेता गणपती स्वतः काढला. चार दिवस लागले. सकाळी डोक्यावरून आंघोळ करून, जमिनीवर पाट मांडून, आधी कागदावर पेन्सिलने आणि मग स्क्रीनवर. बसलेला बाप्पा, उजवा हात आशीर्वादाचा, तळहातावर ॐ, डाव्या हातात मोदक, सोंड मोदकाकडे वळलेली आणि मानही किंचित त्याच बाजूला, जसं घरातलं लहान मूल बोलता बोलता डब्याकडे बघतं. जे आराखडे जमले नाहीत ते तिने पुसले नाहीत. देवाचं चित्र संगणकाच्या कचऱ्यात टाकायला तिचा हात धजायचा नाही. त्यासाठी तिने "निर्माल्य" नावाचा एक फोल्डर केला होता. न जमलेले सगळे गणपती, एक सरस्वती आणि डोळे चुकलेली एक अंबाबाई त्यात सुखाने नांदत होत्या.

चूक तिच्या हातून झाली ती इथे. दादा म्हणाले, छपाईवाल्याला बदलता येईल अशीच फाइल लागते, तशीच पाठव. छपाईच्या दुकानात चार वर्षं काढलेल्या बाईला कळायला हवं होतं, की असं कुठल्याच छपाईवाल्याला लागत नाही. कुत्रे धुणाऱ्या बाईला तिने ती फाइल मेली तरी दिली नसती. पण दादा घरचे. घरच्या माणसावर अविश्वास कसा दाखवायचा? तिने पाठवली.

ऑगस्टच्या मध्याला पत्रकं आली. दुकानांच्या काउंटरवर, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये, मंडळाच्या ग्रुपवर. इरावतीने आपलं पत्रक उघडलं आणि तिच्या हातातला चमचा आमटीत पडला.

दादांनी पत्रकावर स्वतःचा फोटो टाकला होता. हात जोडलेला, कोट घातलेला, जवळजवळ बाप्पाच्या उंचीचा. त्याने भागलं नव्हतं. उजव्या कडेला त्यांच्याच मॉर्गेज कंपनीचा नंबर होता, म्हणून फोटो बसवला डाव्या कडेला. आणि तिथे बसवल्यावर दादांच्या लक्षात आलं की बाप्पाने मान दुसरीकडे फिरवलेली आहे. म्हणजे अध्यक्ष हात जोडून उभे आणि देव मोदकाकडे बघतोय. दुसऱ्या कुणाला यात देवाचा कौल दिसला असता. दादांनी चित्र उलटवलं. फोनवर बोटाने दोनदा टिचकी मारली की होतं ते. आता बाप्पा बरोबर त्यांच्याकडे बघत होता. सोंड उजवीकडे, मोदक उजव्या हातात आणि भक्तांना आशीर्वाद डाव्या हाताने. तळहातावरचा ॐ आरशात दिसावा तसा. आणि खाली, दिलेला शब्द पाळून, ठळक अक्षरात: संकल्पना व चित्र, इरावती.

ग्रुपवर तासाभरात सुरू झालं. उजव्या सोंडेचा बसवलात, त्याचं सोवळं कोण पाळणार, असं एकीने विचारलं. हल्लीच्या मुलींना काय कळतंय, असं दुसरीने उत्तर दिलं. डाव्या हाताने आशीर्वाद की हाकलून देतोय, असं एका डॉक्टरांनी लिहून खाली हसरा चेहरा टाकला. आशाकाकूंनी काहीच लिहिलं नाही, आणि ते जास्त लागलं. आशाकाकू सत्तरीच्या, हॉस्पिटलात नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. मंडळाची पूजा तेवीस वर्षं त्यांच्या हाताची. त्यांचं मौन म्हणजे निकाल. आणि मग अध्यक्षांनी त्या चर्चेवर पडदा टाकला. त्यांनी लिहिलं, कलाकाराचं स्वातंत्र्य असतं, आपण समजून घेऊ या, नव्या पिढीला प्रोत्साहन देऊ या. खाली दोन जोडलेले हात.

इरावतीने फोन केला तेव्हा तिचा आवाज कापत होता आणि दादांचा मुळीच नव्हता. त्यांनी आधी किरकोळ म्हटलं, मग कुणाला कळतंय म्हटलं, आणि कळलंच आहे हे तिने सांगितल्यावर म्हणाले, "अगं, मी उलटवलं असं सांगितलं तर अध्यक्ष म्हणून कसं दिसेल? तू आर्टिस्ट आहेस, तुला चालून जातं. आणि नाव तर तुझंच झालं ना?"

ग्रुपवर खरं काय ते लिहायला तिने चारदा घेतलं आणि चारदा खोडलं. अनिश म्हणाला, मोठ्या माणसाला असं चारचौघांत बोलू नये, आपण त्यांच्याकडे राहिलोय. अनिशच्या सोशिकपणाचं एक वैशिष्ट्य होतं. त्यात सोसायचं काम नेहमी दुसऱ्याच्या वाट्याला यायचं. इरावतीने त्याच्याकडे बघितलं फक्त. त्याने भांडी घासायला घेतली.

तिसऱ्या दिवशी वरदाची ईमेल आली. चार ओळी. पत्रक पाहिलं, रेखाटन चांगलं आहे, पण ज्यांच्या घरात हे पाळतात त्यांनाच मला विकायचं आहे, तेव्हा हे ज्याला आतून माहीत आहे अशा कुणाकडे जाणं बरं. शुभेच्छा. ईमेल वाचून इरावतीला रडू आलं नाही. उलट एक लख्ख, थंड तिटकारा अंगभर पसरला. दादांचा तर होताच. पण त्यांच्याशेजारी, हात जोडून, ती स्वतःही उभी दिसत होती. तिने वरदाला एकच ओळ लिहिली: उत्सवाला येणार आहातच, तर बॅनर जवळून बघा, मग ठरवा.

उत्सव शाळेच्या हॉलमध्ये होता. जिमच्या शिड्या भिंतीला दुमडलेल्या, खाली बास्केटबॉलच्या रेघा, त्यावर सतरंज्या, आणि बास्केटच्या खाली मखर. दाराशीचा सहा फुटी बॅनर वाऱ्याने पडतो म्हणून दादांनी तो आत आणून स्टेजच्या बाजूला, जिथे फोटो निघतात तिथेच, उभा करवला होता. लोक इरावतीशी बोलत होते, पण तोंडाने. डोळे बॅनरकडे जाऊन येत होते. वरदाचा स्टॉल मागच्या भिंतीशी होता. करडे केस, चष्मा, हाताची घडी. तिने मान हलवून ओळख दिली, एवढंच.

आरती झाली आणि सत्काराची वेळ आली. मंडळात सत्काराला एकच आकाशी शाल होती. कार्यक्रम संपला की दादा "जरा ठेवतो इथे" म्हणून ती काढून घ्यायचे आणि पुढच्या वर्षी तीच शाल दुसऱ्या खांद्यावर पडायची. अशी चार खांदे फिरलेली ती शाल आणि देवापुढचा नारळ घेऊन दादा माइकशी आले. नव्या पिढीची थोडीशी वेगळी वाट, आपण मोठ्या मनाने, वगैरे बोलून त्यांनी इरावतीला वर बोलावलं. खाली दोघीतिघींनी पदर तोंडाला लावले. आता हिला माफसुद्धा करणार, असा तो थाट. जो खड्ड्यात ढकलतो त्याच्याच हातून हार घ्यायचा आणि वर हसून फोटोही काढायचा.

इरावती पायऱ्या चढून गेली. जाताना मनात मखराकडे बघून म्हणाली, बाप्पा, एवढं एक पोटात घाल.

दादांनी नारळ पुढे केला. कॅमेऱ्याकडे बघत. इरावतीने डावा हात पुढे केला.

नारळाला तिचा हात लागला नव्हता; वीतभर अलीकडेच थांबला होता. दादा हसले. लहान मुलाला सांगावं तसं, माइकवरच, म्हणाले, "उजवा, इरा. उजवा हात."

"का? डावा का नको, दादा?"

"अगं, देवापुढचा नारळ आहे. डाव्या हाताने घेतात का?"

"घेत नाहीत. मग देतात का?" इरावतीचा हात तसाच होता. "त्या बॅनरवर बघा ना. बाप्पाला तुम्ही आशीर्वाद कुठल्या हाताने द्यायला लावलात?"

हॉलमधली सगळी डोकी एकदम वळली. पत्रकावर अंगठ्याएवढा असलेला तो हात इथे परातीएवढा होता. आशाकाकू पहिल्या रांगेतून उठल्या, बॅनरपाशी गेल्या, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो तळहात जवळून पाहिला. नर्सने रिपोर्ट वाचावा तसा, शांतपणे, वरून खाली.

"ॐ उलटा आहे," त्या म्हणाल्या. "हातानं काढणारा माणूस सोंड चुकेल, ॐ उलटा नाही काढणार. हा आरशातला आहे. कोणी फिरवला?"

इरावतीने दादांकडे बघितलं. तिला सांगायचं नव्हतंच. ते तिच्या तोंडून वदवून घेऊन दादांनी पुन्हा मोठ्या मनाने ऐकून घेतलं असतं.

"कोणी फिरवला, मुरलीधर?"

दादा म्हणाले, "नाही, ते काय झालं, माझा फोटो..." आणि थांबले. माइक सुरू होता. "माझा फोटो" एवढे दोनच शब्द स्पीकरमधून मागच्या भिंतीपर्यंत गेले आणि पुढचं कुणालाच सांगावं लागलं नाही. बॅनरवर कोटातले अध्यक्ष, त्यांच्याकडे मान वळवलेला देव. इतके दिवस तिकडे बघूनही न दिसलेलं आता लहान पोरांनासुद्धा दिसत होतं. कुणी ओरडलं नाही. मागून कुणीतरी हुंदका आल्यासारखं हसलं, आणि ते हसू सतरंजीवरून पुढे पुढे सरकत आलं.

इरावतीने डावा हात मागे घेतला, उजवा पुढे केला, नारळ घेऊन कपाळाला लावला. मग माइकपासून तोंड बाजूला करून, पण पहिल्या तीन रांगांना ऐकू जाईल असं म्हणाली, "खालचं माझं नाव तेवढं काढा, दादा. मला मिळालेलं मानधन तेवढंच होतं. ते परत करते."

शाल तिच्या खांद्यावर पडलीच नाही. आशाकाकूंनी ती दादांच्या हातातून घेतली आणि बॅनरवर घातली. देवाला असं उभं ठेवू नये, म्हणाल्या. मग पत्रकांचा विषय काढला. देवाचं चित्र छापलेला कागद रद्दीच्या निळ्या बिनमध्ये जाता कामा नये. जिथे जिथे वाटले तिथून दादांनी स्वतः गोळा करायचे, आणि रीतसर विसर्जनाची सोय होईपर्यंत नीट, उंचावर, कोरड्या जागी ठेवायचे. कोरडी जागा म्हणजे दादांचं गॅरेज. तिथे फळ्या ठोकून ते खोके ठेवले गेले, आणि ज्या गाडीचा फोटो दादा दर पाडव्याला टाकत ती गाडी तेव्हापासून बाहेर, सीगलांच्या कृपेखाली, उभी असते. टेम्समध्ये कागद सोडायला कुणी परवानगी देत नाही, त्यामुळे अजून बराच काळ उभी राहील.

वरदा निघताना इरावतीपाशी आली. माफी वगैरे मागायची तिची पद्धत नव्हती. तिने आधी विचारलं, बदलता येणारी फाइल दिली होतीस का. इरावतीने मान डोलावली. फुकट केलं होतंस का. इरावतीने पुन्हा मान डोलावली.

"मग त्याचा राग अर्धाच कर," वरदा म्हणाली. "उरलेला स्वतःवर काढ. जे आपण फुकट वाटतो, ते लोक हात पुसायला घेतात. मी तुला फुकट मागणार नाही आणि फाइलही मागणार नाही. नऊ पाकिटांचं काय ते सोमवारी लिहून पाठव. आणि हो, माझ्या पाकिटांवर देव नकोत. पाकीट फोडून लोक कचऱ्यात टाकतात."

"माझ्या मनातही नव्हते," इरावती म्हणाली. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच तिला हसू आलं.

सोमवारी तिने लिहून पाठवलं. सगळ्यात वर, दराच्याही आधी, एक कलम घातलं: चित्रात बदल माझ्या हातूनच होईल. एडिनबराहून सही होऊन कागद आला तो नवरात्रात. शाळेचा फॉर्म तिने मुलीला मागच्या बाजूला चित्रं काढायला दिला. अनिशने स्वयंपाकघरातल्या टेबलासाठी आपणहून एक दिवा विकत आणला आणि त्याबद्दल काही बोलला नाही. हे त्याच्या मानाने भाषणच होतं.

दसऱ्याला तिने बॉक्स रूममध्ये पूजा मांडली. पाटावर कागदाची सुरी, पट्टी, पेन्सिली, स्क्रीनवर काढायची ती लेखणी, आणि मागे उभा केलेला लॅपटॉप. सगळ्यांना हळद-कुंकू. दादांची ती उलटलेली फाइलसुद्धा तिने पुसली नव्हती. देव फिरवला म्हणून देवपण जात नाही. ती गुपचूप "निर्माल्य"मध्ये गेली होती, दादांचा फोटो तेवढा कापून. त्याची जागा साध्या कचऱ्यात होती.

झेंडू वाहायला घेतला आणि फोन वाजला. मुरलीधरदादा. आवाजात तोच जुना लोण्याचा गोळा. दिवाळी पहाटेचं पत्रक करायचं होतं. मागचं झालं गेलं. "आणि या वेळी नाव नाही टाकत हं, तुझ्या मनासारखं. पाच मिनिटांचं तर काम आहे."

इरावतीने निरांजनाची वात पुढे सारली.

"मग तुम्हीच करा की, दादा," ती म्हणाली. "दोन टिचक्या तर तुम्हाला येतातच."

फोन पालथा ठेवून तिने हात धुतले, आणि राहिलेलं फूल उजव्या हाताने लेखणीवर वाहिलं.